देवाला खिडकीतून दिसत नाही का?

प्रिय सई,

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. तुला वाचायला वेळ लागेल, लागू दे. जोडाक्षरांवर अडलीस तर आईला विचार, मला नको. मी शेजारी बसलो की मधेच बोलायला लागतो, आणि बोलायला लागलो की शनिवारसारखं होतं.

शनिवारी काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहितो. आपल्या वाफ्यातलं पहिलं डॅफोडिल उमललं होतं. मी चहाचा कप डेकच्या कठड्यावर ठेवला, पायजमा भिजवत गवतातून गेलो, नखाने देठ खुडला आणि फूल ओंजळीत धरून आत आलो. तू जिन्यावरून खाली येत होतीस. "आलं?" म्हणत तू नाक पुढे केलंस आणि मी हात मागे घेतला. "वास नको घेऊस गं, देवाला वाहायचंय." मग पॅन्ट्रीचं दार उघडून तिथल्या फळीवरच्या गणपतीच्या पायाशी फूल ठेवलं, नमस्कार केला. वळून बघतो तर तू सिंकपाशी उभी. आधी बाहेर बघितलंस, मग आत, मग परत बाहेर. आणि विचारलंस, "बाबा, बाप्पाला खिडकीतून दिसत नाही का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी माहिती दिली. फूल काढल्याने कंदाला काही होत नाही, उलट बी धरण्यात जाणारी त्याची ताकद वाचते. पानं मात्र पिवळी पडेपर्यंत कापायची नाहीत, त्यांच्याच जिवावर पुढच्या वर्षीचं फूल उन्हाळ्यात कंदाच्या पोटात तयार होतं. सगळं खरं आहे. पण तू हे विचारलंच नव्हतंस.

संध्याकाळपर्यंत फुलाने मान टाकली. देवापुढे फूल नुसतं ठेवतात, पाण्यात नाही. रात्री दिवे मालवायला खाली आलो तर ते खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलच्या पेल्यात होतं, देठाचं टोक नव्याने तिरकं कापलेलं. तू कुणाला काही बोलली नव्हतीस. प्रश्नापेक्षा तो पेला मला जास्त लागला.

तर आता माईबद्दल, म्हणजे माझ्या आजीबद्दल.

माईला तू फोटोतच पाहिलं आहेस. नऊवारी, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. अप्पा आणि आजी आता राहतात तो विश्रामबागचा फ्लॅट माईने पाहिला नाही. माईचं घर म्हणजे सांगलीच्या गावभागातलं, जिथे तीन वर्षांची असताना तू मागच्या हौदात बेबीआत्याची चप्पल टाकली होतीस. तो हौद म्हणजे परसाचा मध्य. एका अंगाला दोन जास्वंदी, एक लाल आणि एक फिकट गुलाबी, मग तगर, पिवळी कण्हेर, कोरांटी. न्हाणीचं पाणी जायचं त्या पाटाला कर्दळ. कोपऱ्यात पारिजातक. आणि मोकळ्या जागेत कुणी न लावता उगवणारी गुलबक्षी आणि सदाफुली.

मी आठ वर्षांचा असल्यापासून फुलं काढायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी सहाला माई पांघरूण ओढायची आणि हातात परडी द्यायची. वेताची परडी, तळाला एक भोक, ते केळीच्या पानाच्या तुकड्याने झाकायचं. अनवाणी जायचं. पहिलं पाऊल फरशीवर गार, दुसरं मातीवर त्याहून गार. जास्वंद सकाळी अर्धी मिटलेली असते, छत्री घडी घातल्यासारखी. ती देठापासून हलकेच वळवली की "टक्" होऊन हातात येते. ओढायची नाही. ओढली की पाकळ्या तेवढ्या हातात आणि दांडा झाडावर, मग माई ओसरीवरून ओरडायची. तगरीचं फूल काढलं की देठातून दुधासारखा चीक यायचा आणि बोटं दिवसभर चिकट. पारिजातक मात्र काढायचा नसतो. तो रात्री फुलतो आणि पहाटे आपणच गळतो. एरवी खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, पारिजातकाचं चालतं. भाद्रपदापासून मी रोज संध्याकाळी झाडाखाली अप्पांचं जुनं धोतर पसरायचो आणि सकाळी त्याची चारी टोकं धरून उचलायचो. केशरी देठांनी त्या धोतराला कायमचे डाग पडले होते.

माईचे नियम पुष्कळ होते, कारणं कुणी सांगितली नाहीत आणि मीही विचारली नाहीत. गणपतीला लाल जास्वंद, महादेवाला पांढरं फूल. किडकं नको, कालचं नको. हुंगलेलं तर अजिबात नको. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, झाडं झोपलेली असतात. मोगऱ्याच्या कळ्या तेवढ्या संध्याकाळी काढायच्या, पण दिवा लागायच्या आत. त्यातल्या चार माठात जायच्या. चैत्र-वैशाखात आमच्या घरच्या पाण्याला मोगऱ्याचा वास असायचा. इथे फ्रीजच्या दारातलं पाणी पिताना अजून कधीकधी मी उगीच वास घेऊन बघतो.

आणि एक नियम बोलण्याचा. "फुलं तोडली" म्हणायचं नाही, "काढली" म्हणायचं. तू शनिवारी आईला सांगताना "बाबाने कट केलं" म्हणालीस ना, तेव्हा माझ्या तोंडावर "कट नाही, काढलं" आलं होतं. गिळलं. मान मोडायची ती मोडतेच, शब्द कुठलाही वापरला तरी.

माई फार सरळ बाई होती असं समजू नकोस. गल्लीच्या टोकाच्या वाड्यात सोनचाफा होता आणि त्याची एक फांदी भिंतीवरून रस्त्यावर आलेली. "भिंतीबाहेरची फांदी गावाची," असं माईचं म्हणणं. वाड्याच्या मालकाचं म्हणणं वेगळं होतं, म्हणून तिथे मला साडेपाचला पाठवलं जायचं. काठीला तारेचा आकडा बांधून मी फांदी वाकवायचो. आणि मी एकटा नसायचो. बँकेतून निवृत्त झालेले, सोवळेओवळे पाळणारे आजोबासुद्धा पिशवी घेऊन तिथेच. आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही. देवासाठी केलेल्या चोरीला आमच्याकडे चोरी म्हणत नाहीत, आणि हे मी तुला शिकवणार नाही. गेल्या एप्रिलमध्ये आपण नेवार्कला ब्रांच ब्रूक पार्कात चेरी बघायला गेलो होतो, आठवतं? पाच हजारांवर झाडं, गुलाबी ढगांखालून चालल्यासारखं, आणि एवढ्या गर्दीत फांदीला कुणाचा हात नाही. मला आपलं सारखं वाटत होतं, माईला इथे आणलं असतं तर तिने पदराआडून परडी काढली असती.

आता एक गोष्ट लिहितो, लिहू की नको असा दोन दिवस विचार करून. परडी माझ्याकडे आली ती मी शहाणा होतो म्हणून नाही. आधी ती बेबीआत्याकडे होती. पण महिन्यातले चार दिवस तिला परसात जायची, झाडांना शिवायची बंदी असायची. दर महिन्याला चार दिवस कोण जाणार, हा घोळ नको, म्हणून माईने ते काम कायमचं मला देऊन टाकलं. मला हे कॉलेजात असताना बेबीआत्यानेच सांगितलं, हसत हसत. ती हसली, मला हसू आलं नाही. माझ्या ज्या सकाळींच्या एवढ्या गोष्टी मी तुला सांगतो, त्या तिच्याकडून काढून मला दिलेल्या होत्या. तू आता अकरा वर्षांची आहेस, म्हणून हे लिहिलं. आपल्या घरात असलं काही नाही आणि होणार नाही. तरी शनिवारी तू फुलाकडे वाकलीस आणि मी हात मागे घेतला, तेव्हा तो हात माझा होता की माईचा, हे मला नक्की सांगता येत नाही.

भक्ती म्हणशील तर ती मला फारशी नव्हती, आजही बेताचीच. पूजा अप्पा करायचे, मी परडी ओसरीवर ठेवली की सुटलो. पण घरात अकरा माणसं होती, सई. अंथरुणं एकमेकांना लागून, अभ्यास जिन्याच्या पायरीवर. त्या घरात मला एकट्याला मिळणारा तेवढाच अर्धा तास. कुठल्या जास्वंदीवर किती कळ्या आहेत, उद्या किती फुलतील, मुंगळे कुठल्या फांदीवर, हे फक्त मला माहीत असायचं. माई विचारायची, "आज किती?" मी म्हणायचो, "लाल सात, तगर बरीच." हिशेब नुसता फुलांचा, पण माझं म्हणणं घरात कुणीतरी ऐकून घ्यायचं ते तेव्हाच.

आणि गुलाबाचं सांगायचं राहिलं. चौथीत असताना मी डालड्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून गावठी गुलाबाची काडी लावली होती. माझी, मी लावलेली. पाणी मी घालायचो, चहाचा चोथा मी घालायचो, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचो नाही. सात-आठ महिन्यांनी एक कळी आली. फिकट गुलाबी, वासाला अशी की डबा जिन्यात ठेवला तरी ओसरीवर कळायचं. ते फूल मला शाळेत बाईंना द्यायचं होतं, वर्गात सांगूनही झालं होतं. ज्या दिवशी फुललं, त्या दिवशी मी आंघोळ करून येईपर्यंत माईने ते काढून देवाला वाहिलं. "पहिलं फूल देवाचं रे," एवढंच म्हणाली. मी रडलो नाही. जेवायला हाक मारेपर्यंत थांबलो, देवघरात कुणी नव्हतं, गणपतीच्या मुकुटावरून गुलाब उचलला आणि दप्तरात टाकला. तो जेवणाच्या डब्याखाली दबला. शाळेत दप्तर उघडलं तर गणिताच्या वहीला एक ओलसर डाग आणि चार पाकळ्या. बाईंना काही दिलं नाही. वर्गातल्या पोरांनी चिडवलं ते वेगळं.

संध्याकाळी माई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आवडलं का बाईंना?"

मी म्हटलं, "हो."

तिने एक खडा काढून बाजूला टाकला. एवढंच. देवाचं फूल नेलंस म्हणून रागावली नाही, विचारायला हवं होतं असंही म्हणाली नाही. मी पुढे त्या डब्यातल्या गुलाबाची किती तरी फुलं देवाला वाहिली, पण त्या पहिल्याचं माझ्या मनातून गेलं नाही. म्हणजे बघ, मला हे सगळं आधीपासून माहीत होतं, आणि तरी शनिवारी मी तेच केलं.

ते परस आता नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि गावभागात ते कित्येक दिवस उतरलंच नाही. अप्पा-आजी आधीच बेबीआत्याकडे गेले होते म्हणून बरं. पाणी ओसरल्यावर अप्पांनी फोन केला तेव्हा भिंतींबद्दल काही बोलले नाहीत, फर्निचरबद्दल नाही. म्हणाले, "दोन्ही जास्वंदी गेल्या. पारिजातक उभा आहे, पण वाळणार." तो वाळलाच. गुडघाभर गाळातून कर्दळ तेवढी तरारून आली. मी तेव्हा इथे डेकवर उभा होतो आणि समोर नुसतं गवत होतं. आपण हे घर घेऊन दोन वर्षं झाली होती, आणि मी तोवर एकही झाड लावलं नव्हतं.

पहिली कुंडी त्या सप्टेंबरात आणली. मोगरा. तो थंडीत आपल्या झोपायच्या खोलीत असतो, आईच्या मते माझ्यापेक्षा जास्त जागा अडवतो, आणि फेब्रुवारीत त्याच्या पानांवर पांढरा मावा पडला की मी कापसाने एकेक पान पुसत बसतो. कढीपत्ता दरवर्षी मरायला टेकतो आणि मरत नाही. तुळस मरते. नोव्हेंबरात तुळशीच्या लग्नाला आपल्याकडे वाळकी काडी असते, तिलाच मुंडावळ्या. त्यात तुला कधी काही वावगं वाटलं नाही, उलट तिला तू तुझी हिरवी ओढणी दिली होतीस. ट्युलिपचं तुला आठवतच असेल. तीस लावले, आणि कळ्या रंगायला लागल्या त्याच रात्री हरणांनी तीसच्या तीस खाल्ले, फक्त देठ ठेवले. म्हणून यंदा डॅफोडिल. ती विषारी असतात, हरणं तोंड लावत नाहीत. ट्युलिप गेले तेव्हा शेजारच्या आजी कुंपणापलीकडून म्हणाल्या होत्या, "हरणं इथली आहेत, आपण नंतर आलो." मला वाटलं माईच बोलतेय, भिंतीबाहेरच्या फांदीबद्दल.

त्या आजींकडे लायलॅक फुलला की त्या फांद्या कापून आपल्या दाराशी ठेवतात, आणि तू दार उघडून आधी त्यात तोंड खुपसतेस. ते मला बघायला आवडतं. हेही लिहून ठेवतो, कारण वास घेऊ नकोस म्हणणारा बाबा तेवढाच तुझ्या लक्षात राहायला नको. तुझ्या वर्गात तू झेंडूचा हार नेऊन "हे आमचं इंडियन फूल" म्हणालीस, तेव्हा मी गप्प बसलो होतो. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. गुलबक्षीही अमेरिका खंडातलीच, सदाफुली मादागास्करची. माईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "असेल. आता आपली आहे ना?" आणि परडी पुढे केली असती. पाडव्याला इथे कडुनिंब कुठला, म्हणून तू गुढीला मागच्या कुंपणातली फोर्सिथियाची पिवळी फांदी बांधलीस. ती फांदी तूच काढलीस, न विचारता, आणि कात्रीने. तेव्हा आपल्या दोघांना काहीच वाटलं नाही. मला तो फोटो अप्पांना पाठवताना फार बरं वाटलं होतं.

आता खरं ते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण चाळीस कंद लावले. मी खड्डे खणले, वीतभर खोल, तू एकेक कंद टोक वर करून ठेवलास आणि वर माती लोटलीस. कोपऱ्यातल्या एकापाशी तू आइस्क्रीमची काडी खोचलीस, तिच्यावर पेनाने "सई" लिहून. तिने पूर्ण थंडी काढली, बर्फाखाली गेली, परत वर आली. अक्षरं पुसट झालीत पण वाचता येतात. शनिवारी सकाळी फूल काढताना काडी मला दिसली होती. मला वाटलं होतं तू विसरली असशील. नाही, तेही खरं नाही. मला काही वाटलंच नाही. पहिलं फूल दिसलं आणि हात गेला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी काल रात्री शोधलं. तुम्ही दोघी झोपल्यावर पॅन्ट्रीचं दार उघडलं, तांदळाचा डबा बाजूला सरकवला आणि गणपतीच्या उंचीला डोळे येतील असा वाकून उभा राहिलो. वरच्या फळीवर सिरियलची खोकी, शेजारी समई. बाहेर डेकचा दिवा लावून ठेवला होता. तिथून सिंकचा नळ दिसतो, खिडकीचा वरचा अर्धा भाग दिसतो, शेजारच्या आजींच्या गराजचं छप्पर आणि थोडं आकाश. वाफा खाली पडतो, कट्ट्याआड. म्हणजे बाप्पाला खिडकीतून दिसत नाही. पण कट्ट्यावर ठेवलेला तो पेला दिसतो, त्यातल्या फुलासकट. मान थोडी कलली आहे, बाकी ठीक आहे. आज पाचवा दिवस.

मी तुला पूजा कर म्हणून मागे लागणार नाही, लागलो तर आई मला थांबवेल. पण कधी सकाळी लवकर उठलीस तर माझ्याबरोबर वाफ्यापर्यंत ये. काढायला नको, मोजायला. "आज किती" म्हणून मी विचारेन. काडीपाशी अजून एक कळी वर आली आहे, अजून हिरवी आहे पण टोकाशी पिवळं दिसायला लागलंय. ती तुझी. ती झाडावर ठेवायची, पेल्यात ठेवायची, शेजारच्या आजींना द्यायची की तुझ्या बाईंना, तू बघ. मी विचारणार नाही.

बरं, एकदा विचारेन.

तुझा,
बाबा

ता. क. खारीने आज तुझी काडी उपटून डेकवर आणून टाकली. मी परत खोचली आहे, पण जागा बोटभर इकडेतिकडे झाली असेल. शाळेतून आलीस की एकदा बघून घे. आणि मोगऱ्याची कुंडी बाहेर काढायची एवढ्यात घाई नाही, मे महिन्याच्या मध्यावर रात्री जरा उबदार झाल्या की काढू. तेव्हा तुझी मदत लागेल, ती आता माझ्या एकट्याने उचलत नाही.